मलमलीआडचा हात

पोंगलच्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला कोवळं ऊन पार्किंगच्या खांबांमधून आडवं आत आलं आणि ऊर्मीच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर दिनकररावांना ओरखडे दिसले. सहा की सात. केसाहून बारीक, वीतभर लांब. दुसऱ्या कुणाला दाखवले असते तर त्याने चष्मा पुसला असता, आणि तरी दिसले नाहीत म्हणून भिडेखातर ‘हो, हो’ म्हटलं असतं. पण दिनकररावांनी चौतीस वर्षं पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात, रंगशाळेत, इतरांना न दिसणारं बघण्याचाच पगार घेतला होता. ते वाकले, डोकं तिरकं केलं, एक डोळा मिटला. कोरड्या फडक्याने गोल गोल पुसलं की काळ्या रंगावर वर्तुळांचं जाळं उठतं, ते त्यांना पाठ होतं. हे तसं नव्हतं. या रेघा सरळ नव्हत्या आणि गोलही नव्हत्या. त्या पुढे जाता जाता लहरत होत्या, एकसारख्या, अगदी नेमाने, जणू कुणी मन लावून काढल्या असाव्यात. दीड वर्षापूर्वी कंपनीने ऊर्मीला जर्मनीला पाठवलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘बाबा, गाडी विकून टाकू का? एन्नोरच्या धुळीत काळी गाडी कोण सांभाळणार?’ आणि ते छाती पुढे काढून म्हणाले होते, ‘मी आहे ना. आलीस की शोरूममधून आणल्यासारखी परत देईन.’ येत्या मे महिन्यात ती यायची होती.

खरं तर काळा रंग नको, असं तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं. चेन्नईचं ऊन, एन्नोरची धूळ. आई म्हणाली पांढरी घे, मैत्रिणी म्हणाल्या राखाडी घे. एकटे दिनकरराव काही बोलले नव्हते. त्यांच्या सबंध नोकरीत काळा रंग म्हणजे डब्याच्या पोटाखाली फासायचा, मळकट, बिनचमकीचा, कुणी वाकून न पाहिलेला रंग. डबे आधी लाल, मग निळे, मग आणखी कसले कसले झाले. चकचकीत काळं म्हणजे काय ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते गाडी घरी आली त्या संध्याकाळी. इमारतीच्या फाटकातून ती हळू आत आली आणि तिच्या दारावरून नारळाची झाडं, आभाळ, समोरची कपड्यांची दोरी, सगळं वाहत गेलं. दिनकरराव जवळ गेले तर आत खोलवर तेही उभे होते. रंग केवढा जाड असतो ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? वरचा पारदर्शक थर कागदापेक्षाही पातळ. आणि त्या एवढ्याशा जाडीत ही खोली! हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल, असं वाटून त्यांनी खरोखरच हात मागे घेतला होता. सुनीतीबाईंनी ते पाहिलं होतं. ‘लग्नात माझ्याकडेसुद्धा असं पाहिलं नव्हतं हो,’ त्या ऊर्मीला म्हणाल्या होत्या, आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

ऊर्मी गेली तेव्हापासून दिनकररावांचा दिवस धुळीपासून सुरू व्हायचा. धूळ म्हटली की लोकांना एकच काहीतरी वाटतं. पण इथे बंदराकडून कोळशाचा कीस यायचा, वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख यायची, समुद्रावरून मीठ यायचं, कंटेनरच्या ट्रकांनी उडवलेली लाल माती यायची. आणि हे सगळं रात्रभर कुणाला न सांगता, आवाज न करता उतरायचं. सकाळी गाडी फिकट दिसायची. राखेचा कण भिंगाखाली काचेच्या मण्यासारखा गोल असतो, हे त्यांना एका रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं होतं. एवढं लांबून, एवढं उंचावरून काचेचे मणी येऊन आपल्या बॉनेटवर बसतात, या विचाराने त्यांना राग येण्याऐवजी कधी कधी थक्क व्हायला व्हायचं. पण कोरडं फडकं फिरवलं की तेच मणी रंग कापतात. म्हणून आधी पाणी. वरून खाली. दोन बादल्या, एक धुण्याची, एक फडकं खळबळायची. पुसायचं ते सरळ रेषेत, दाब न देता. आणि शेवटी टॉवेल नुसता पसरून उचलायचा. बोअरचं पाणी खारं, त्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचा हात पिण्याच्या कॅनच्या पाण्याचा. यावरून घरात रोज वाजायचं. ‘माणसांना पाणी मोजून आणि गाडीला अभिषेक,’ सुनीतीबाई म्हणायच्या. आणि ते म्हणायचे, ‘मोजून तर मोजून! चहासुद्धा हल्ली अर्धाच कप देतेस. कंजूष झालीस म्हातारपणी.’ त्यावर त्या काही बोलायच्या नाहीत, हे त्या भांडणातलं नवल होतं.

या सगळ्याच्याही आधी मात्र एक गोष्ट असायची, आणि ती दिनकररावांना भीमसेनने दिली होती. भीमसेन म्हणजे रंगशाळेतला जुना कारागीर. तंजावरकडचा, घरात मराठी बोलणारा. म्हणूनच नव्याने आलेल्या दिनकररावांना त्याने पंखाखाली घेतलं. डबा रंगवून, घासून, धुऊन झाला की भीमसेन खिशातून मलमलीचा तुकडा काढायचा, तळव्याखाली धरायचा आणि पत्र्यावरून हात न्यायचा. नुसत्या तळव्याला स्वतःचाच घाम कळतो, तो म्हणायचा. मधे मलमल असली की रंगाचं कळतं. पहिल्यांदा दिनकररावांना काहीच कळलं नव्हतं. मग एका दुपारी, दीड-दोन वर्षांनी, अचानक मलमलीच्या आड एक खडा लागला. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या लाल पत्र्यात लपलेला, रव्याच्या कणाहूनही लहान. त्यांच्या अंगावर काटा आला होता. ‘भेटला?’ भीमसेनने विचारलं होतं, एखाद्या माणसाबद्दल विचारावं तसं. त्या दिवसापासून त्यांचा हात हा त्यांच्या अंगाचा वेगळाच, थोडा अधिक शहाणा भाग झाला. साहेब लोक यंत्राने जाडी मोजायचे आणि मग हळूच त्यांना बोलवायचे. निवृत्तीच्या दिवशी हाराऐवजी कुणीतरी मलमलीचा तुकडा घडी करून दिला होता. तोच तुकडा रोज सकाळी, पाणी मारण्याआधी, बॉनेटवरून एकदा फिरायचा. आज काय काय आलंय ते बघायला. तपासणं म्हणजे काही हात लावणं नव्हे.

आणि आता हे ओरखडे. आदल्या दिवशी भोगी होती. त्यांच्या घरात भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी. आणि बाहेर अख्ख्या गावाने पहाटेच जुन्या चटया, केरसुण्या, फाटक्या उशा दारात पेटवलेल्या. नको म्हणून दवंडी दिली तरी कुणीतरी एखादा टायर टाकतोच. उजाडेपर्यंत काळे पापुद्रे आभाळातून पडत होते आणि गाडीवर इतकी काजळी साचली होती, की दिनकररावांनी त्या दिवशी सात वेळा, जागा बदलून बदलून, मलमल फिरवून पाहिली, आणि मगच बादल्या आणल्या. पण त्या आधी कुणीतरी येऊन गेलं असणार. असं कोरडं फडकं मारणारं इमारतीत कोण होतं? शरण्या होती. शरण्या पलीकडच्या कोळीवस्तीतून यायची आणि इमारतीतल्या सतरा गाड्या पुसायची. चाळिशीची, काटक, बोलायला कमी. ऊर्मीच्या गाडीला तिने बोट लावायचं नाही, असा दिनकररावांनी पहिल्याच आठवड्यात नियम केला होता. भोगीची काजळी बघून तिला दया आली असेल आणि एक हात मारला असेल. ती समोरच लाल गाडीपाशी होती. त्यांनी हाक मारली, बॉनेटकडे बोट केलं.

‘नान तोडवे इल्ल, सार,’ ती म्हणाली. मी हातच लावला नाही.

‘मग काय आभाळातून पडले?’

तिने वाकून पाहिलं. दिनकररावांना वाटलं होतं तिला दिसणार नाहीत. पण तिला दिसले, आणि लगेच दिसले. ती बराच वेळ पाहत राहिली. ‘हा फडक्याचा हात नाही, सार,’ ती तमिळमध्ये हळूच म्हणाली. ‘माझा हात असा जात नाही.’

हे त्यांना फार लागलं. रंगावरच्या हाताबद्दल त्यांना कुणी शिकवावं! ते तसेच तरातरा राममूर्तींच्या दारात गेले. राममूर्ती सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या घरात तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेली मराठी अजून बोलली जायची, आणि दिनकररावांशी बोलताना ते ती मुद्दाम बाहेर काढायचे. ‘तुम्हीं उगे राहा, राव,’ ते म्हणाले. ‘पोंगलचे दिवशीं तोंड कडू नको. मी सांगतों तीस. उद्यांपासून येणें नको म्हणून.’ उगे राहा म्हणजे गप्प राहा. दिनकरराव गप्प राहिले. खाली शरण्या आपली बादली पालथी करून ठेवत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस इमारतीतल्या सतरा गाड्या हळूहळू फिकट होत गेल्या. लाल गाडी विटकरी झाली, निळी गाडी ढगाळ झाली. फक्त काळी तेवढी काळी. दिनकरराव रोज धूत होते, पण त्यांना बॉनेटकडे सरळ बघवत नव्हतं. त्या रेघा घालवता आल्या असत्या. पॉलिश मारायचं, पण पॉलिश म्हणजे ओरखडा बुजवणं नव्हे, ओरखड्याच्या तळापर्यंत बाकीचा सगळा रंग उतरवणं. एका चुकीसाठी भोवतीच्या सगळ्यांनी खाली यायचं. कारखान्यात हे त्यांनी शेकडो वेळा केलं होतं आणि कधी असा विचार मनात आला नव्हता. शिवाय त्या रेघा त्यांना कुठेतरी पाहिल्यासारख्या वाटत होत्या. जेवताना, देवाला दिवा लावताना, मधेच ती लहर डोळ्यांसमोर यायची. ओळखीचा चेहरा आणि नाव आठवू नये, तसं झालं होतं.

नाव आठवलं ते बँकेत. केवायसीचा कसलासा फॉर्म भरायचा होता. काउंटरवरच्या मुलीने सही पाहिली, संगणकात पाहिलं, आणि फॉर्म परत सरकवला. ‘सार, पुन्हा एकदा कराल? जुळत नाही.’ त्यांनी पुन्हा केली. तिने आणखी एक कोरा कागद दिला. ‘सावकाश करा, सार. घाई नाही.’ तिच्या आवाजात जो मऊपणा होता तो त्यांना आवडला नाही. तिसऱ्या सहीनंतर तिने शाईचा पॅड पुढे केला. ‘काही हरकत नाही. अंगठा चालतो.’ अंगठा! चौतीस वर्षं ज्या सहीवाचून डबा रंगशाळेबाहेर पडत नसे, त्या सहीच्या जागी. दिनकरराव काहीतरी फटकन बोलणार होते, तेवढ्यात त्यांची नजर कागदावर गेली. तीन सह्या एकाखाली एक. शेवटी नावाखाली ते एक लांब रेघ ओढत, पहिल्या नोकरीपासूनची सवय. ती रेघ पुढे जाता जाता जराशी लहरत होती. तीनही वेळा, एकसारखी, अगदी नेमाने.

बस कुठे मिळाली, कुठे उतरलो, हे त्यांना नंतर आठवेना. फाटकातून ते थेट गाडीपाशी गेले. खिशातून मलमल काढली, तळव्याखाली धरली, आणि बॉनेटपासून दोन बोटं वर, हवेतच, रोजच्यासारखा हात नेला. मोबाइलचा उजेड दुसऱ्या हातात. हात पुढे गेला आणि लहरला. पुढे गेला आणि लहरला. खाली रंगात तीच रेघ त्याच्याबरोबर चालली होती. कुठेही चूक नव्हती. एवढा तंतोतंत मेळ त्यांनी उभ्या आयुष्यात तपासला नव्हता. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच. ते बंपरला टेकून खालीच बसले. पण भीतीच्याही आधी त्यांना जे वाटलं त्याला आश्चर्याशिवाय दुसरा शब्द नव्हता. आपल्या आत काहीतरी सुरू झालं होतं, आणि आपल्याला कळायच्या आधी ते काळ्या रंगाला कळलं होतं. त्याने ते टिपून ठेवलं होतं, केसाहून बारीक अक्षरात. आणि भीमसेन? भीमसेनची काही चूक नव्हती. भीमसेनच्या डब्यावर धूळ नसायची. तो धुतलेल्या रंगावर मलमल फिरवायचा, आणि आपण इतके दिवस शहाणपणाच्या तोऱ्यात तीच मलमल काचेच्या मण्यांवरून फिरवत होतो. भोगीच्या काजळीत तर सात वेळा. हात थरथरला नसता तरी ओरखडे पडलेच असते. फक्त ते सरळ पडले असते, आणि मग ते शरण्याचे नाहीत हे कधीच कळलं नसतं.

वर गेले तर सुनीतीबाईंनी चहा टाकला होता. अर्धा कप. त्यांनी कप उचलला आणि आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. चहा कपात या काठाकडून त्या काठाकडे हिंदकळत होता आणि सांडत नव्हता. अर्धा होता म्हणून सांडत नव्हता.

‘केव्हापासून?’ त्यांनी विचारलं.

‘गणपतीपासून,’ सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांनी ‘काय केव्हापासून?’ असं विचारलं नाही आणि वेड पांघरलं नाही. ‘म्हटलं, तुमच्या लक्षात येईल तेव्हा डॉक्टरकडे जाऊ. तोवर कंजूष तर कंजूष.’ आणि मग त्यांना रडू आलं. दिनकररावांनी कप खाली ठेवला आणि तोच हात त्यांच्या पाठीवर ठेवला. हात थरथरत होता. पण सुनीतीबाईही हुंदक्यांनी हलत होत्या, त्यामुळे कुणाचं काय ते कळत नव्हतं.

राममूर्तींना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, जिन्यात, चार माणसांदेखत. ‘ओरखडे माझे आहेत. तिची काही चूक नाही.’ राममूर्ती म्हणाले, ‘उगे असा हो, मी सांगून पाठवितों कीं.’ या खेपेला दिनकरराव गप्प राहिले नाहीत. ‘नको. मी जातो.’

कोळीवस्ती चालत दहा मिनिटांवर होती. इमारतीत राहायला आल्यापासूनच्या चौदा वर्षांत ते तिथे एकदाही गेले नव्हते. शरण्याच्या घरापुढे पाटीत मासळी मांडलेली होती आणि ती विकत होती. शेजारी स्टुलावर तिचा म्हातारा सासरा बसला होता, मांडीत पाण्याचं भांडं घेऊन. त्यात हात बुडवायचा आणि मासळीवर शिंपडायचा. त्याचा हात दिनकररावांच्या हातापेक्षा पुष्कळच जास्त हलत होता, आणि पाणी इतकं बारीक, इतकं सारखं पडत होतं, की सगळी पाटी नुकतीच समुद्रातून काढल्यासारखी लखलखत होती. दिनकरराव बघत राहिले. मग त्यांना जमेल त्या तमिळमध्ये त्यांनी सगळं सांगितलं: बँक, सही, मलमल. माझं चुकलं, असं दोनदा सांगितलं. शरण्याने ऐकून घेतलं. ‘दहा दिवस बसून राहिले मी, सार,’ ती म्हणाली. ‘सतरा घरांना वाटलं, मी खोटं बोलते.’ त्यांनी आपला उजवा हात तिच्यापुढे धरला, तपासायला द्यावा तसा. तिने हाताकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. ‘जाळं विणायचे हे,’ ती म्हणाली. ‘या सगळ्या किनाऱ्यावर असं जाळं कुणाचं नव्हतं.’ म्हाताऱ्याने दिनकररावांकडे बघून मान हलवली आणि पुन्हा पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. आधी सतरा गाड्या झाल्या, मग ती काळ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. रात्रीत धूळ उतरली होती. गाडी फिकट होती. दिनकरराव दोन्ही बादल्या, टॉवेल, कॅनचं पाणी, सगळं मांडून उभे होते. मलमल घरी राहिली होती, देवघराच्या खणात. त्यांनी टॉवेल तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, बादलीतून पाण्याचा मग भरला आणि तो त्यांच्याकडे केला.

‘तुम्ही पाणी, सार.’

त्यांनी तो मग घेतला. उंच धरला. हात थरथरला आणि पाणी एका धारेत न पडता फुटून, शेकडो थेंबांनी, छतावर उतरलं. चौतीस वर्षं आणि वर दीड वर्ष त्यांनी रंगावर पाणी पडताना पाहिलं होतं. असं पाहिलं नव्हतं. धूळ आधी थबकली, मग कणाकणाने सुटली, तरंगली आणि कुणी हात न लावता काचेवरून, बॉनेटवरून खाली वाहायला लागली. मागे काळा रंग उघडा होत होता. त्यात खांब आले, नारळाचं झाड आलं, आभाळ आलं. त्या आभाळातून सात बारीक रेघा लहरत गेल्या होत्या, आणि त्यांच्याहीपलीकडे, खोल, हातात मग धरलेला एक म्हातारा उभा होता. मे महिन्यात ऊर्मीला काय दाखवायचं ते आता दिनकररावांना ठाऊक होतं. शरण्याने टॉवेल पसरला, उचलला. त्याला धुळीचा डाग नव्हता. पुढे दाराकडे सरकत, मान वर न करता, ती म्हणाली, ‘इन्नुम कोंजम, सार.’

आणखी थोडं. दिनकररावांनी तो मग बादलीत बुडवला आणि काठोकाठ भरून घेतला.